सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण



या व्यासपीठावरून गेले चार दिवस संतवाङ्मय, संगीत नाटक आणि बृहन्महाराष्ट्राची परंपरा अशा भारदस्त विषयांवर आपण व्याख्याने ऐकली. त्यांच्या पंक्तीला बाळंतिणीच्या व्यायामाचा विषय येऊन बसला, याचे काहींना नवल वाटले असेल. विषयपत्रिका छापायला जाण्यापूर्वी कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी 'स्त्रियांचे आरोग्य' असे शीर्षक सुचविले होते. सूचना सद्हेतूने केलेली होती. परंतु या विषयाचे अर्धे दुखणे अशा मोघमपणातच दडलेले आहे असे आमचे मत असल्यामुळे आम्ही ती नम्रपणे नाकारली.

'आम्ही' म्हणजे महिला शाखेतील चौघी. एक फिजिओथेरपिस्ट, एक निवृत्त शिक्षिका ज्या पुढे योगशिक्षिका झाल्या, आणि दोघी गृहिणी. आम्ही चौघींनी प्रसूतिपश्चात व्यायामशिक्षिकेचे प्रशिक्षण रीतसर घेतले, परीक्षा दिली, आणि आता मंडळाच्या ग्रंथालयाच्या खोलीत वर्ग चालवितो. प्रमाणपत्र मिळविण्यासाठी काय करावे लागते आणि मुळात ते कशासाठी मिळवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्या मंडळाची स्थापना ज्या पिढीने केली ती बंगलोरात विमानांच्या, टेलिफोनच्या, घड्याळांच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आली होती. त्या पिढीतील सुनांची बाळंतपणे बहुधा येथे झालीच नाहीत. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाई, ती तान्हे तीन-चार महिन्यांचे झाल्यावरच परत येई. आज चित्र पालटले आहे. मुलगी स्वतः नोकरी करते, तिची डॉक्टर येथे, विमा येथे; बाळंतपणही येथेच. तिची आई पुण्याहून, सांगलीहून येते, सव्वा महिना राहते आणि तिचीही नोकरी किंवा घरी आजारी माणूस असल्याने परत जाते. मग अकराव्या मजल्यावरच्या घरात मुलगी आणि बाळ दोघेच उरतात. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती ज्यांना लागू आहे त्यांच्याही पहिल्या सहा आठवड्यांनंतरच्या वीस आठवड्यांत बाळंतिणीकडे पाहणारे कोणी नसते.

येथल्या कन्नड शेजारणींची कथा वेगळी नाही. त्यांच्या भाषेत बाळंतीण ती 'बाणंति' आणि तिची सेवा ती 'बाणंतन'. आपला डिंकाचा लाडू उत्तर कर्नाटकात 'अंटिन उंडे' होऊन बाळंतिणीच्या ताटात येतो. आमच्या वर्गात निम्म्या मुली कन्नड आहेत, आणि दोन्ही घरांतल्या आज्यांचे आग्रह ऐकले म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्यांत उभे असल्यासारखे वाटते.

या आग्रहांविषयी आम्ही आदराने पण स्पष्ट बोलू इच्छितो. आयुर्वेदाने सूतिकेचा काळ सुमारे दीड महिन्याचा मानला आहे. चरकसंहितेत प्रसूतीनंतर स्नेहन करून पोट मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळावे असे सांगितले आहे. म्हणजे पोट बांधण्याची रीत आजीने मनाने काढलेली नव्हे. आधुनिक शास्त्राप्रमाणेही हा काळ अर्थपूर्ण आहे. प्रसूतीच्या क्षणी सुमारे एक किलो वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही खाली येते. घरकामातून सुटका, तेलाचा हात, गरम पाणी, वेळेवर पोटभर अन्न यांहून चांगली शुश्रूषा कोणते रुग्णालय देणार आहे?

परंतु बांधलेले पोट म्हणजे बळकट झालेले पोट नव्हे. सैलसर आधाराने बरे वाटते, कमरेला उभारी येते. पट्टा करकचून आवळला की आतला दाब खाली, आधीच ताणलेल्या भागावर पडतो. बंद खोलीत खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणे तर सरळ धोक्याचे. त्या धुरातला विषारी वायू आई-बाळ दोघांनाही घातक आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून देणे चुकीचे. आणि चाळीस दिवस खाटेवरून न उतरणे हेही चुकीचे, कारण या काळात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव एरवीपेक्षा अधिक असतो.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहावे. सव्वा महिना संपला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात: तीस दिवसांत पूर्वीचे पोट परत मिळवा. त्या पाहून मुलगी दार लावून घेते आणि उताणी पडून धडाधड उठाबशा काढते. तिच्या पोटात काय झालेले आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

काय झालेले असते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पोटाच्या मध्यावरून बरगड्यांपासून खालच्या हाडापर्यंत उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांना जोडणारी चिवट पडद्याची एक मधली शिवण असते. गर्भ वाढतो तशी ही शिवण रुंदावते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात. पोर्तुगालमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गर्भारपणाच्या पस्तिसाव्या आठवड्यात ही फट तपासलेल्या प्रत्येक स्त्रीत आढळली. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी ती शंभरांतील सुमारे एकोणचाळीस जणींत शिल्लक होती. म्हणजे ती विकृती नव्हे, निसर्गाची सोय आहे. बहुतेकींची आपोआप भरत येते, काहींची येत नाही. तपासणी सोपी आहे. उताणे पडून गुडघे वाकवावे, मान किंचित उचलावी आणि बेंबीच्या वर, बेंबीवर व खाली बोटे आडवी ठेवून किती बोटे आत जातात ते पाहावे. मान उचलताना पोटाच्या मध्यभागी घुमटासारखा उंचवटा आला तर तो व्यायाम तूर्त तिच्यासाठी नाही. धडाधड उठाबशा काढणारीच्या पोटावर नेमका हाच घुमट येत असतो, पण तिला तो वाचता येत नाही.

दुसरा भाग याहून महत्त्वाचा आणि याहून अबोल. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक झोका बांधलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यावर विसावतात. वर्गात आम्ही त्याला 'झोळी' म्हणतो. नऊ महिने ही झोळी ओझे पेलते. आणि प्रसूतीच्या वेळी बाळ तिच्यातूनच बाहेर येते. ती सैल झाली की खोकताना, शिंकताना, हसताना, उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात. पुढे काहींच्या बाबतीत 'अंग बाहेर येते'. मराठीत या दुखण्याला हा एवढाच शब्द आहे आणि तोही दार लोटून उच्चारला जातो.

आमच्या मनात हा वर्ग येण्याचे कारण मंडळाच्या मंगळागौरीत सापडले. नव्या मुली झिम्मा, पिंगा, फुगड्या खेळत असतात आणि पस्तिशी-चाळिशीच्या बायका भिंतीला टेकून गाणी म्हणत असतात. 'आता फुगडी नको गं, दमायला होतं' असे त्या म्हणत. दमण्याचा प्रश्न नव्हता. त्याच बायका गणपतीच्या पंधरा दिवस आधीपासून रोज तीन तास मोदकांच्या सारणाचे नारळ खवतात, त्या दमत नाहीत. एकीजवळ हळूच विचारले, मग दुसरीजवळ, आणि एका संध्याकाळी सात जणींनी एकच उत्तर दिले. त्यांपैकी कोणीही ते डॉक्टरांना सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. दोघींनी सांगितले की 'बाईच्या जातीला हे व्हायचेच' असे त्यांना त्यांच्या आईनेच समजाविले होते. बारा-पंधरा वर्षे त्या प्रवासाआधी पाणी पीत नव्हत्या, गडद रंगाच्याच साड्या नेसत होत्या.

हे टाळता येण्याजोगे किंवा पुष्कळ अंशी कमी होण्याजोगे आहे, ही माहिती नवी नाही. अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावरील आपले काम प्रसिद्ध केले. त्याआधी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल यांनी बाळंतिणींसाठी व्यायाम बसविले होते. १९३६ साली मार्गारेट मॉरिस या नर्तकीच्या सहकार्याने त्यांचे पुस्तक निघाले. आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. कोंडवाड्यात राहून ऊन न मिळाल्याने स्त्रियांची हाडे मऊ पडतात, ओटीपोटाचा सांगाडा वाकतो आणि प्रसूती जिवावर बेतते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याहीपूर्वी, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवीच्या प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या त्या मुलीने हाच विषय का निवडला असेल, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको.

आणखी एक योगायोग सांगतो. घसरलेले गर्भाशय वर बांधण्याच्या ज्या शस्त्रक्रिया वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवितात, त्यांतल्या दोहोंना डॉ. बी. एन. पुरंदरे आणि गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांची नावे आहेत. याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण शस्त्रक्रियेला आपल्या माणसांची नावे मिळाली, तिच्या अलीकडच्या व्यायामाला मात्र आपल्या भाषेत धड नाव नाही, हे मनाला टोचते.

मग पुस्तक वाचून व्यायाम का करू नये, शिक्षिका कशाला, असे कोणी विचारील. १९९१ साली अमेरिकेत याचीच परीक्षा झाली. स्त्रियांना झोळी कशी आवळावी ते थोडक्यात तोंडी सांगितले. त्यांपैकी सुमारे निम्म्याच जणींना ते बरोबर जमले. एक चतुर्थांश स्त्रिया तर वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे दुखणे वाढविणारा व्यायाम करीत होत्या. स्नायू डोळ्यांना दिसत नाही, आरशात दिसत नाही. तेथे शब्द हेच शिक्षिकेचे हात असतात.

आता प्रशिक्षणाकडे वळू. आपल्या देशात 'प्रसूतिपश्चात व्यायामशिक्षिका' अशी कायद्याने ठरविलेली पदवी नाही. खासगी संस्थांची प्रमाणपत्रे आहेत आणि त्यांत डावे-उजवे पुष्कळ आहे. दोन दिवसांत, घरबसल्या, परीक्षेवाचून मिळणारी प्रमाणपत्रे आम्ही पाहिली आणि बाजूस सारली. ब्रिटनमध्ये आधी सर्वसाधारण व्यायामशिक्षकाची पात्रता आणि तिच्यावर हा विशेष अभ्यासक्रम अशी दोन पायऱ्यांची रीत आहे. आम्ही निवडलेल्या संस्थेचा नियमही तसाच होता. त्यामुळे आमच्यातील दोघी गृहिणींना आधी मूळ अभ्यासक्रम पुरा करावा लागला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्नायूंची नावे पाठ करीत त्या स्वयंपाकघरात उभ्या असत, आणि त्यांची मुले त्यांची उजळणी घेत.

पुढे शरीरशास्त्राचा लेखी पेपर, प्रथमोपचार, अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात बसून घेतलेली निरीक्षणे, प्रत्यक्ष बाळंतिणींच्या लिहून काढलेल्या हकिगती, आणि शेवटी परीक्षकांसमोर घेतलेला संपूर्ण वर्ग. आमच्या योगशिक्षिकेला मूलबंध आणि अश्विनीमुद्रा वर्षानुवर्षे ठाऊक होत्या. तिला नवे शिकावे लागले ते सोडणे. आवळलेला स्नायू तितक्याच सावकाश, पूर्ण सैल करता आला नाही तर व्यायाम अर्धाच झाला. काहींची झोळी तर सैल नसून सतत ताठ असते आणि त्यांना आवळण्याचा व्यायाम दिला तर वेदनाच वाढतात. फिजिओथेरपिस्ट मैत्रीण हे सारे जाणत होती. आम्ही तिघी ऐकून थक्क झालो.

परीक्षेतील बहुतेक प्रश्न व्यायाम कोणता द्यावा याविषयीचे नव्हतेच. कोणाला देऊ नये, केव्हा थांबवावा, कोणाकडे पाठवावे याविषयीचे होते. थांबलेला रक्तस्राव पुन्हा वाढला, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागले, श्वास लागला, छातीत दुखले, असह्य डोके दुखू लागले: वर्ग बंद आणि डॉक्टर. झोळीची आतून तपासणी करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ते काम डॉक्टरचे किंवा त्यासाठी खास शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचे. सिझेरियन झालेलीला सहा आठवड्यांची तपासणी होऊन डॉक्टरांची चिठ्ठी आल्याविना आम्ही घेत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे खासगी रुग्णालयांतील प्रसूतींपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या, त्यामुळे या चिठ्ठ्यांची आमची फाईल जाड आहे. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पायऱ्या चढून धाप लागणारीला आम्ही व्यायामाआधी रक्त तपासून यायला सांगतो.

या नियमांची किंमत आम्हांला दुसऱ्याच तुकडीत कळली. बाळंत होऊन सात आठवडे झालेली एक मुलगी डाव्या पायाने लंगडत आली. पोटरी दुखत होती, दुसरीपेक्षा सुजलेली आणि हाताला गरम लागत होती. व्यायामानेच दुखत असेल अशी तिची समजूत, आणि सासूबाईंनी रात्री तेल लावून रगडून देण्याचे ठरविले होते. आम्ही तिला खाली बसविले, रगडू नका म्हणून घरी फोन केला आणि एकीने तिला तशीच रिक्षातून रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. औषधाने ती विरली आणि मुलगी बरी झाली. सासूबाई पुढच्या आठवड्यात स्वतः वर्गात येऊन बसल्या. 'आमच्या वेळी हे कोणी सांगितले नाही हो' एवढेच म्हणाल्या आणि नातवाला मांडीवर घेऊन तासभर बसून राहिल्या.

मनाचेही असेच आहे. १९८७ साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी पत्रिका आहे. बाळंतिणीच्या मनातील खिन्नता तिच्यावरून ओळखता येते. आम्ही निदान करीत नाही. परंतु 'बाळ झाले, आता रडायला काय झाले' हे वाक्य आमच्या खोलीत कोणी बोलणार नाही एवढे आम्ही पाहतो.

प्रशिक्षण इंग्रजीतून झाले. परत येऊन वर्ग मराठीत घेऊ लागलो तेव्हा आमची जीभ अडखळली. पुस्तकी 'श्रोणितल' म्हटले तर कोणाला कळेना; घरातला शब्द म्हटला तर मुली खाली पाहू लागत. तेव्हा आम्ही एक वही केली. झोळी, शिवण, घुमट हे शब्द त्या वहीतले. 'लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखायचे आहेत असे समजा, आता झोळी वर उचला, श्वास चालू ठेवा, आता हळूहळू खाली ठेवा' हे वाक्य तेथेच घडले. त्याच्याशेजारी तांबड्या शाईत एक सूचना आहे: प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करावयाचा नाही. कन्नड भगिनींनी समोरच्या पानांवर आपले शब्द लिहिले आहेत. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या दप्तरात नाटकांच्या संहिता आहेत, इतिवृत्ते आहेत. ही वहीही त्यांत जावी, अशी आमची इच्छा आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. तिन्ही वेळा आईच बाळाला घेऊन जाते. बाळाचे वजन होते, कार्डावर शिक्के पडतात आणि आई तशीच परत येते. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी तान्हे आहे त्यांना आमची विनंती आहे की, त्या तीन दिवशी घरी आल्यावर सुनेला किंवा लेकीला दोन प्रश्न विचारावेत: कुठे दुखते का, आणि हसता-शिंकताना त्रास होतो का. उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांकडे पाठवावे आणि नंतर आमच्याकडे. पुरुषांनीही विचारायला हरकत नाही.

किती व्यायाम, असे नेहमी विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली बाळंतिणींसाठीही आठवड्याला १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. त्यात बाळाला घेऊन भरभर चालणेही आले. आरंभ पाच मिनिटांनी करावा. पळणे मात्र तीन महिन्यांच्या आत नको, आणि झोळी तयार नसेल तर त्यानंतरही नको.

नवी तुकडी पुढील महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सुरू होईल. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा. बाळाला बरोबर आणावे. ते रडले तर वर्ग थांबतो, त्याचे कोणी वाईट मानीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी बाळंत झालेल्यांसाठी शनिवारी वेगळा वर्ग आहे आणि मंगळागौरीच्या भिंतीजवळच्या सात जणींपैकी पाच जणी तेथे येतात. आम्हांला आणखी दोघी शिक्षिका हव्या आहेत, त्यांतली एक कन्नड बोलणारी असावी. प्रशिक्षणाचे अर्धे शुल्क मंडळ देणार आहे. नाट्यशाखेने तालमीच्या सतरंज्या सकाळपुरत्या वापरू दिल्या आहेत. त्या झटकून, घडी घालून दुपारी बाराच्या आत जागेवर ठेवण्याची हमी आम्ही लेखी दिलेली आहे.